युद्धाची जखम कोणत्या मालिकेला आठवते?

अवकाशातल्या लढाया दाखवणाऱ्या मालिकांना तोटा नाही. यानं फुटतात, शेदोनशे बिननावाची माणसं मरतात आणि पुढच्या भागात नायक अंघोळ करून आल्यासारखा टवटवीत. युद्धामुळे माणसाच्या आत काय मोडतं हे बघायचं असेल, तर यातल्या बहुतेक मालिकांचा काही उपयोग नाही. माझी कसोटी साधी आहे: झालेली जखम मालिकेला नंतर आठवते का? या कसोटीला उतरणाऱ्या काही मालिकांची ही तुलना. थोडं कथानक फुटेल, त्याला इलाज नाही.

एका माणसाची जखम अगदी जवळून बघायची असेल, तर 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'ला (1993 ते 1999) अजून तोड नाही. सातव्या सीझनमधला 'द सीज ऑफ एआर-558' आणि त्यानंतर लवकरच येणारा 'इट्स ओन्ली अ पेपर मून' हे दोन भाग जोडीनेच बघायला हवेत. नॉग हा फेरेंगी पोरगा, म्हणजे नफ्यातोट्यापलीकडे न बघणाऱ्या जमातीतला, आणि स्टारफ्लीट या अवकाशदलात भरती झालेला त्या जमातीतला पहिलाच. एआर-558 या ओसाड जागी शत्रूकडून हिसकावलेलं दळणवळण केंद्र राखत एक तुकडी अडकून पडलीय. 150 पैकी 43 उरलेत, बदलीची तारीख कधीच उलटून गेलीय. या भागाचा दिग्दर्शक विनरिक कोल्बं स्वतः व्हिएतनाम युद्धात होता. पडद्यावर शौर्य कमी आणि ताटकळणं, चिडचिड, एकमेकांवर खेकसणं जास्त आहे. इथे नॉगचा पाय जातो.

खरी कमाल दुसऱ्या भागात आहे. नवा कृत्रिम पाय उत्तम बसलाय, दुखायचं काही कारण नाही, असं डॉक्टर सांगतात. पाय दुखतोच. नॉग काठी टेकत होलोस्वीट या आभासी जग दाखवणाऱ्या खोलीतल्या 1962 च्या लास व्हेगासमध्ये राहायलाच जातो. तिथला गायक व्हिक हा मुळात संगणकाने उभं केलेलं पात्र. तो नॉगला एक नवी काठी भेट देतो. देखणी, बारीक, फारसा भार न पेलणारी. समजावणं नाही, उपदेश नाही. काठीच अशी दिलीय की तिच्यावर रेलताच येऊ नये. शेवटी नॉग जे बोलतो त्याचा पायाशी संबंधच नसतो. आपण मरू शकतो, कधीही, हे त्याला पहिल्यांदा कळलंय आणि त्या खोलीबाहेरच्या जगाची त्याला भीती बसलीय. पाऊण तासात, एकही गोळी न झाडता, युद्धावर इतकं नेमकं बोललेलं मी टीव्हीवर फार कमी पाहिलंय.

अडचण लांबीची आहे. पावणेदोनशेच्या आसपास भाग आणि उघड युद्ध पेटतं ते पाचव्या सीझनच्या शेवटी. पहिल्या सीझनमधले बरेच भाग मी खुशाल गाळायला सांगेन, 'ड्युएट' सोडून. दोन माणसं, एक कोठडी आणि छळछावणीत त्या काळी कोण काय करत होतं एवढाच प्रश्न. पैसा कमी पडला की लेखन किती वर उचलावं लागतं, याचा तो नमुना आहे.

'पेपर मून'ची पटकथा लिहिणाऱ्या रोनाल्ड डी. मूरनेच पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली (2003 ची लघुमालिका, मग 2004 ते 2009). नॉगच्या कथेत जे एका पोराचं झालं, ते इथे सगळ्या उरलेल्या मानवजातीचं झालंय. '33' या पहिल्याच भागात शत्रू, म्हणजे माणसानेच घडवलेले सायलॉन यंत्रमानव, दर 33 मिनिटांनी येतो. पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. वैमानिकांना जागं ठेवायला गोळ्या दिल्या जातायत, दाढ्या वाढल्यात, साध्या आदेशाला उत्तर द्यायला माणसं क्षणभर जास्त घेतायत. त्याच अवस्थेत शेकडो प्रवासी असलेलं एक यान पाडायचं की नाही, हे ठरवायचं आहे. राष्ट्राध्यक्षा रॉझलिन फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहून ठेवते, पुसते, पुन्हा लिहिते. हा आकडा पुढे मालिकेच्या शीर्षकांतही दिसत राहतो आणि प्रेक्षकाला तो बघायची खोड लागते.

तिसऱ्या सीझनची सुरुवात मात्र सोसायची तयारी ठेवूनच लावा. मानव आता सायलॉनांच्या ताब्यात आहेत आणि आत्मघाती स्फोट आपली माणसं करतायत. अमेरिकी फौजा इराकमध्ये असताना, 2006 मध्ये, अमेरिकी वाहिनीने हे दाखवलं. कर्नल टाय एक डोळा गमावतो, त्याहून मोठं काही स्वतःच्या हातांनी गमावतो, आणि सुटका झाल्यावर शत्रूला साथ देणाऱ्यांचे गुपचूप निवाडे करत बसतो. सुटका म्हणजे शेवट नव्हे, हे ही मालिका फार निर्दयपणे दाखवते. मार्च 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात हिच्यावर चर्चासत्र झालं होतं, ते उगाच नाही. उत्तरार्धात दैवी संकेतांचा पसारा वाढतो आणि शेवट अनेकांना पटत नाही. मलाही पूर्ण पटला नाही, पण तोवर माणसं इतकी खरी झालेली असतात की मी ते चालवून घेतलं.

यांच्यापुढे 'अँडॉर' (2022 आणि 2025) वेगळी पडते, कारण इथे युद्ध अजून जाहीर झालेलंच नाही. बंड शिजतंय आणि ते शिजवणारे आतून आधीच खर्च होत चाललेत. बंडखोरांच्या साथीतल्या बिक्सचा छळ झालाय तोही आवाजाने. दुसऱ्या सीझनमध्ये ती सुरक्षित घरात आहे, पण झोपेसाठी औषध लागतं आणि छळणारा डॉक्टर स्वप्नात ठाण मांडून बसलाय. मला त्याहून अंगावर आला तो बंडाला गुपचूप पैसा पुरवणाऱ्या सिनेटर मॉन मॉथ्माचा नाच. मुलीचं लग्न आहे, बालमित्राचा काटा काढला जाणार हे तिला कळून चुकलंय, आणि ती पेल्यावर पेला रिचवत पाहुण्यांच्या गर्दीत बेभान नाचते. पाहुण्यांना वाटतं, मुलीच्या आईला आनंद झालाय. 'स्टार वॉर्स'चं बाकी काही पाहिलेलं नसलं तरी ही मालिका कळते. एकूण 24 भाग, पण पहिले दोनेक संथ आहेत, तेवढा धीर धरावा.

'बॅबिलॉन 5' (1994 ते 1998) सुचवताना मी थोडा कचरतो. नेपथ्य पुठ्ठ्याचं वाटतं, संगणकी दृश्यं फार जुनी दिसतात. पण ज्याने युद्ध पेटवलं त्याचं मन आतून दाखवावं ते याच मालिकेने. राजदूत लोंडोच्या राष्ट्राने नार्न ग्रहावर अवकाशातून दगडांचा मारा केला आणि त्याने तो यानाच्या खिडकीतून बघितला. पुढे त्याचा साधाभोळा मदतनीस व्हीर लिफ्टमध्ये नार्न राजदूत जकारसमोर सापडतो आणि कसंबसं म्हणतो, मला वाईट वाटतं. जकार स्वतःचा तळवा कापतो आणि रक्ताचा एकेक थेंब खाली पडू देत मेलेले मोजतो. यांची माफी कशी मागणार, असं विचारतो. व्हीरकडे उत्तर नसतं.

'द एक्सपान्स' (2015 ते 2022, 62 भाग) राजकारण आणि भौतिकशास्त्र यांत यांच्यापेक्षा सरस आहे. गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर आपल्या तुकडीतली एकटीच वाचलेली मंगळाची सैनिक बॉबी ड्रेपर हे जबरदस्त पात्र, पण मालिकेला दर वेळी पुढच्या संकटाची घाई असते. ज्यांना हळहळीपेक्षा डावपेच आवडतात त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

हातात एखादा महिना असेल आणि युद्धाआधीचा गुदमरलेपणा सोसवत असेल, तर 'अँडॉर'. अख्ख्या समाजाची नैतिक पडझड बघायची असेल आणि सलग बघून मन कोमेजणार नसेल, तर 'गॅलॅक्टिका'. ही रोज एखादाच भाग घ्यावी, चार-चार भाग ओढून पुढे काही जाणवेनासं होतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा कुणी मोठ्या आघातातून उठत असेल, तर मात्र 'गॅलॅक्टिका' तूर्त लांब ठेवा आणि नॉगचे दोन भाग लावा. आधीचे सव्वासहा सीझन न पाहताही ते समजतात. नॉगचा काका क्वार्क कॅप्टन सिस्कोवर इतका का भडकतो, एवढंच तेवढं निम्मं कळेल.