वायरगार्डचे नऊ महिने: टनेल उत्तम, घात घड्याळानं केला

वायरगार्ड म्हणजे दोन यंत्रांमध्ये इंटरनेटवरून खासगी, कुलूपबंद वाट (टनेल) उभारणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर. जानेवारीत मी त्याच्या माझ्या सेटअपला पाचपैकी पाच गुण दिले होते. आता जुलै आहे आणि त्यातला एक कापतोय. सविस्तर लिहितो, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर भर पावसातली वाळपईची एक फेरी वाचली असती.

मामांचं गोव्यात वाळपईला किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. बिलिंगचं विंडोज मशीन तिथं, मी फोंड्याला. त्यांच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता, नाही. राउटरवर 100.64 च्या पट्ट्यातला पत्ता दिसतो, म्हणजे एका पत्त्याआड अनेक गिऱ्हाइकं, आणि बाहेरून आत शिरायला वाटच नाही. म्हणून एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. दुकानाचं मशीन आतून वायरगार्डनं त्याला जोडतं, मी घरून त्यालाच, आणि वर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुकानाची स्क्रीन माझ्या घरी. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं छोटं पाकीट) दर 25 सेकंदांनी. बॅकअप, प्रिंटर, अपडेट, सगळं आठ महिने घरबसल्या झालं. पेट्रोलचे किती पैसे वाचले!

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली आणि यूपीएसनंही मान टाकली. वीज आली तरी मशीन उठलं नाही, मामांनी बटण दाबलं तेव्हा उठलं. वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग मी स्वतः बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) करून ठेवलं होतं. ते पुसलं कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

मशीन चालू, पण टनेल नाही. एरर नाही, काहीच नाही.

"बिलं निघतायत रे, पण वॉट्सॲप उघडत नाही," मामा म्हणाले. राउटर तीनदा बंद-चालू करायला लावला. अडीअडचणीसाठी दुसरं एक रिमोट ॲप टाकलं होतं, तेही मुकं. शेवटी उसगाव, होंडा करत पावसातून गेलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती 2019 ची.

मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल मेला होता. वीज पूर्ण गेली तशी बायोसची सेटिंग्जही गेली आणि घड्याळही मागे गेलं. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी सुरू करतानाच्या ओळखपरेडीत, वेळेचा शिक्का असतो. आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला, की कोणीतरी जुनं पाकीट पुन्हा पाठवतंय असं समजून सर्व्हर ते गुपचूप टाकून देतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण मी दुकानाचं सगळं ट्रॅफिक, डीएनएससकट (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), टनेलमधूनच सोडलं होतं. घड्याळ दुरुस्त व्हायला इंटरनेट हवं, इंटरनेटला टनेल हवं, टनेलला बरोबर घड्याळ हवं. मामांना फोनवर फक्त तारीख विचारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. एका सेलपायी माझा अख्खा दिवस गेला, याची चुटपुट अजून जात नाही.

तेव्हा मी दोन गुण कापणार होतो. नंतर वाचताना कळलं, की तो शेवटचा शिक्का सर्व्हरच्या मेमरीतच असतो. सर्व्हरवर दुकानाचा पिअर, म्हणजे दुकानाच्या मशीनची नोंद, काढून पुन्हा घातला असता तर फोंड्यातूनच टनेल उभं राहिलं असतं. म्हणून एकच गुण कापला, तोही सगळं इतकं मुकाट्यानं घडतं म्हणून.

4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांनाही डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं होतं. दुरुस्तीची हत्यारं त्याच बंद नेटवर्कवर होती. माझं दुसरं रिमोट ॲपही तसंच, त्याच वाटेवर ठेवलेलं.

आता सेल बदललाय, पन्नास रुपयांच्या आत आला. टनेलमधून फक्त आमच्या आतल्या पत्त्यांचं ट्रॅफिक जातं, बाकी इंटरनेट सरळ बाहेर, त्यामुळे घड्याळ स्वतःच जुळतं. बायोसचं सेटिंग पुन्हा केलं आणि मेन स्विच पाडून दोनदा तपासलं. यूपीएसची बॅटरी तेवढी राहिली आहे, ती चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आत बदलायची आहे.