पीएचडी इथे की अमेरिकेत? पैशामागचं मंडळही बघा

एमएस्सीनंतर पीएचडी कुठे करायची हे ठरवताना आपण विद्यापीठ बघतो, गाईड बघतो, स्टायपेंड बघतो. विज्ञानाचा पैसा कुठे जावा हे त्या देशात कोण ठरवतं, हेही बघा असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते.

अमेरिकेत संशोधनाला सरकारी अनुदान देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं (एनएसएफ) धोरण नॅशनल सायन्स बोर्ड हे मंडळ ठरवतं. ही संस्था स्थापण्यासाठीच्या १९४७च्या विधेयकात संचालक नेमायचा अधिकारही शास्त्रज्ञांच्या मंडळाकडेच जाणार होता. जनतेचा पैसा जनतेला उत्तर न देणाऱ्यांच्या हाती जाईल म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ते अडवलं. १९५०च्या कायद्यात तोड निघाली. संचालक आणि २४ सदस्य राष्ट्राध्यक्षच नेमतात, पण सदस्यांची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागाच रिकाम्या होतात. शालेय गणित-विज्ञानापासून संशोधनखर्चापर्यंतचा लेखाजोखाही हे मंडळ दर दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षांपुढे आणि काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, ठेवतं. मला ही रचना फार मोलाची वाटते. तरीही २०२५मध्ये तिथे मंजूर झालेली कितीतरी अनुदानं मध्येच रद्द झाली, हे विसरू नका.

आपल्याकडे २०२३च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि आधी हे काम करणारं एसईआरबी हे मंडळ त्यात विलीन झालं. नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, उपाध्यक्ष विज्ञान आणि शिक्षण खात्यांचे मंत्री. वजन मोठं, पण सरकारपासूनचं अंतर कमी. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी जाहीर झाले, त्यातले सरकारचे १४,००० कोटी; बाकीचे मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. मला खरी आशा आहे ती त्यांच्या ‘पेअर’ योजनेची, कारण त्यात नामवंत संस्थांनी मागे पडलेल्या विद्यापीठांना हाताशी धरायचं आहे. पुढे महाराष्ट्रातच शिकवायचं असेल, तर ही योजना नीट समजून घ्या.

अमेरिकेला जाणार असाल तर एनएसएफची पदवीधर फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. तुमचा पगार बहुधा गाईडच्या ग्रँटमधून किंवा टीचिंग असिस्टंटशिपमधून येईल. ग्रँट किती वर्षं उरली आहे आणि ती बंद पडली तर विभाग सांभाळेल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. इथे नेट परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली असेल तर महिना ३७,००० रुपयांची फेलोशिप तुमच्या स्वतःच्या नावावर असते. प्रोजेक्टवरची जेआरएफ मात्र प्रोजेक्ट संपला की संपते.