फियाटला इलेक्ट्रिक पंखा: गणपती ते मे, दहा महिन्यांचा अनुभव

वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून रोज चालते. घर गुहागरजवळ. दर गणपतीला पनवेलहून आत्याला आणायचे, आणि दर वर्षी माणगावच्या रांगेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकायचा. या गाडीचा रेडिएटरला वारा देणारा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो. इंजिन जेवढे फिरेल तेवढाच तो फिरणार, म्हणजे गाडी रांगेत उभी असताना, वारा सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हाच, तो मंद. गेल्या ऑगस्टमध्ये तो काढून मारुती ८००चा इलेक्ट्रिक पंखा बसवून घेतला.

चिपळूणच्या मेस्त्रींनी आधी स्पष्ट सांगितले, "पंख्याचं नंतर बघू, भाऊ. आधी रेडिएटर उघडूया." खालच्या नळ्या गाळाने भरल्या होत्या. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, तर कुणीतरी कधीच काढून टाकलेला, त्यामुळे पावसाळ्यात इंजिन नीट तापत नव्हते आणि पेट्रोल जास्त जात होते. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट नवा घातला. हे केल्याशिवाय पंख्यावर पैसे घालू नका.

पंखा इंजिनाच्या बाजूने, हवा ओढणारा बसवला. वरच्या पितळी टाकीला आटा असलेला बुश झाळून त्यात पाण्याच्या तापमानावर चालणारा थर्मोस्विच घातला: ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. मध्ये पंख्याचा मोठा प्रवाह सांभाळणारा ३० अँपिअरचा रिले, २० अँपिअरचा फ्यूज. पहिल्या दिवशी वायरी उलट जोडल्या गेल्या आणि पंखा उलटा फिरून वारा पुढे फेकू लागला. जाळीवर कागद धरून बघा, चिकटला तर दिशा बरोबर. बेल्ट मात्र जागेवरच राहतो, कारण पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो त्याच्यावरच चालतात.

त्या गणपतीत माणगावला दीड तास अडकलो. पंखा लागायचा, काटा उतरायचा, पंखा थांबायचा. आत्याने गाडीतच डबा उघडला.

कुंभार्ली घाटात मात्र निराशा झाली. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन जोरात फिरते, तिथे जुना पंखा उलट चांगला होता. नवा अखंड चालूनही काटा वर सरकत राहिला. पंखा गोल, रेडिएटर चौकोनी, त्यामुळे कोपऱ्यांतून हवा ओढलीच जात नव्हती. मेस्त्रींनी पत्रा कापून रेडिएटरभर डबी केली, कडेला रबर लावले. त्यानंतर मे महिन्याच्या भर दुपारी, चार माणसे घेऊन कराडपर्यंत गेलो. काटा मध्यावरून हलला नाही. ही पत्र्याची डबी पहिल्या दिवशीच करून घ्यायला हवी होती.

खरा खर्च निघाला तो चार्जिंगचा. पंखा साधारण ८ अँपिअर खातो, सुरू होताना क्षणभर बरेच जास्त. पावसात संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू, गाडी रांगेत उभी, आणि अशा वेळी जुना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. दोनदा बॅटरी बसली. शेवटी डायनॅमोच्या जागी, कमी फेऱ्यांवरही चार्ज देणारा मारुतीचाच जुना अल्टरनेटर ब्रॅकेट बनवून लावला. आता रांगेतही व्होल्टेज टिकून असते. तुमच्या गाडीला डायनॅमो असेल तर हा खर्च आधीच धरा.

आपल्याकडच्या पावसात याचा एक मोठा फायदा आहे. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना जुना पंखा पाणी उडवून प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजवायचा आणि गाडी बंद पडायची. आता डॅशबोर्डखालच्या बटणाने पंखा बंद करतो आणि सावकाश पलीकडे निघतो. पलीकडे गेल्यावर बटण आठवणीने चालू करायचे.

खाऱ्या हवेचा त्रास ऑक्टोबरात कळला. धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत होतो, काटा चढला तरी पंखा गप्प. अर्थिंगच्या वायरीचे थिंबल (टोकाची धातूची कडी) हिरवे पडून आतून तुटले होते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंख्यापर्यंत एक वायर ताणली, तेव्हा घरी पोचलो. नंतर सगळी थिंबले झाळली, वर स्लीव्ह चढवली, पेट्रोलियम जेली फासली आणि रिले बॉनेटमधून काढून डॅशबोर्डखाली नेला. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. तरी ती वायर, दोन्ही टोकांना चिमटे लावून, एक जादा रिले आणि दोन फ्यूजसोबत डिकीत ठेवली आहे.