लाल रंगाखाली माझ्याच स्प्रिंगा

माझी मारुती झेन 2001ची. वळणावर झुलते म्हणून बुटक्या स्प्रिंगा टाकून खाली घ्यायची, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे टायर आणि मडगार्डमधली वीतभर फट डोळ्यांत खुपायची. हँडलिंग हे निमित्त.

म्हापशाजवळच्या एका गॅरेजवाल्याने खोक्यातल्या लालभडक स्प्रिंगा दाखवल्या. "बाहेरचा माल. दीड इंच खाली बसेल, चोर्ला घाट एका हाताने चढशील." 16,000 रुपये. संध्याकाळी गाडी आणायला गेलो, दिसायला झक्कास! जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर म्हणाला, "गंजल्या होत्या रे, भंगारात दिल्या." मीही मान डोलावली.

चवथीला चौघे बसून निघालो आणि साखळी गावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला धाडकन आपटलो. खड्ड्यातून उसळली की पुढून टण्ण असा आवाज. दोन महिन्यांत पुढचे टायर आतून गुळगुळीत.

डिचोलीतल्या आमच्या जुन्या मेकॅनिकने जॅक लावला. चाक लटकलं तशी स्प्रिंग वाटीत सैल झाली. त्याने ती दोन बोटांनी गरगर फिरवून दाखवली. टोकाला ग्राइंडरचा सरळ काप. मग नखाने लाल रंग खरवडला, तर खाली काळा आणि त्यावर कंपनीचा पिवळा ठिपका. भंगारात गेलेल्या माझ्याच स्प्रिंगा, दीड वेटोळं कापून रंगवलेल्या! खोक्यातल्या बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवल्या असतील.

वेटोळी कमी झाली की स्प्रिंग थोडी कडक होते, हे खरं. पण गाडी जेवढी खाली येते त्या मानाने ती कडक होत नाही. त्यात शॉकअप जुनेच, ते सारखे रबरावर आपटत होते. शिवाय असल्या स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेल्या गाडीत चाकाला खालून धरणारे पुढचे आर्म चाकाकडे वर चढले की गाडी वळणावर उलट जास्तच कलू शकते. म्हणजे निमित्तसुद्धा खोटं ठरलं.

शेवटी मूळ मापाच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि बुश टाकले. झुलणं तिथेच थांबलं. फट आहे तशीच आहे. तुम्हाला खाली घ्यायचीच असेल तर काम होईपर्यंत तिथून हलू नका, जुन्या स्प्रिंगा डिकीत टाकून आणा आणि पैसे देण्याआधी चाक लटकवून स्प्रिंग हाताने फिरत नाही ना, ते बघा.

त्या गॅरेजवाल्याकडे गेलो होतो भांडायला. त्याने शांतपणे बिल मागितलं. वहीच्या कागदावर त्याच्याच अक्षरात होतं, 'सस्पेन्शन काम, 16,000'. स्प्रिंग हा शब्दच नव्हता.