आयपीकॅल्क: रिसॉर्टचं नेटवर्क आखायला कितपत उपयोगी?

मालवण-तारकर्ली पट्ट्यातल्या लहान रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचे मोबाइल, सीसीटीव्ही कॅमेरे आणि बिलिंगचा संगणक अनेकदा एकाच /२४ मध्ये, म्हणजे २५६ आयपी पत्त्यांच्या एकाच नेटवर्कमध्ये, कोंबलेले असतात. ते वेगळे करायचे म्हटलं की सबनेटची, म्हणजे नेटवर्कचे लहान तुकडे पाडण्याची, आकडेमोड आली. त्यासाठी आयपीकॅल्क (ipcalc) हा कमांडलाइनवरचा मोफत प्रोग्राम जरूर वापरावा. डेबियन आणि उबंटू या लिनक्सवर तो एपीटी या प्रोग्राम बसवायच्या कमांडने बसतो, विंडोजवर डब्ल्यूएसएल या विंडोजमधल्या लिनक्समध्ये चालतो. ब्राउझरमधले कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, पण राउटर बदलताना नेमकं तेव्हाच इंटरनेट नसतं. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली असेल तर विचारायलाच नको.

त्याची सगळ्यात कामाची सोय म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडून देणारा -एस (-s) हा पर्याय. पंधरा खोल्यांचं रिसॉर्ट धरा. पाहुण्यांच्या उपकरणांसाठी १०० पत्ते, कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) मिळून ४०, ऑफिस २०, बिलिंग आणि प्रिंटर १०. टर्मिनलवर (अर्थात इंग्रजी अक्षरांत) द्यायचं:

आयपीकॅल्क १९२.१६८.४०.०/२४ -एस १०० ४० २० १०

उत्तरात (इथून पुढे सुरुवातीचे १९२.१६८ गाळले आहेत) पाहुण्यांना ४०.०/२५, कॅमेऱ्यांना ४०.१२८/२६, ऑफिसला ४०.१९२/२७ आणि बिलिंगला ४०.२२४/२८ मिळतं. प्रत्येक तुकड्याचा पहिला-शेवटचा वापरता येणारा पत्ता आणि ब्रॉडकास्ट (तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता) हेही सोबत येतं. एकूण २४० पत्ते (१२८+६४+३२+१६) लागले, ४०.२४०/२८ शिल्लक राहिला, हेही तळाशी दिसतं. आकडे कोणत्याही क्रमाने दिले तरी मोठा तुकडा आधी बसवला जातो. हाताने करताना लहान आधी बसवला, की मोठ्याची सीमा जुळत नाही आणि मध्ये भोकं पडतात.

पण आकडे काय द्यायचे ते तुम्हीच ठरवायचं, आणि गडबड तिथेच होते. गेटवेलाही, म्हणजे त्या तुकड्यातून बाहेर नेणाऱ्या राउटरलाही, एक पत्ता लागतो. ३० उपकरणं मोजून ३० लिहिलंत तर /२७ मिळतो, त्यात वापरता येणारे पत्ते बरोबर ३०, म्हणजे राउटर धरून एक उपकरण उपाशी. वाढीची जागाही तो सोडत नाही, तुकडे एकमेकांना चिकटवूनच बसवतो. पुढच्या हंगामात कॅमेरे वाढणार असतील तर तो आकडा आजच धरा.

पाहुण्यांचं गणित अजून वेगळं. मे महिन्यात खोलीत तीन माणसं, प्रत्येकी दोन उपकरणं, म्हणजे ९०. डीएचसीपी म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, आणि लीज म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत. ही लीज २४ तासांची असेल तर सकाळी गेलेल्यांचे पत्ते अडकूनच राहतात आणि दुपारी नवे ९० येतात. वाय-फाय जोडलं जातं, पत्ता मिळत नाही, आणि शिव्या इंटरनेट कंपनीला बसतात. लीज दोन तासांवर आणा, नाहीतर १०० च्या जागी १८० मागा. मात्र मग पाहुण्यांचा तुकडा २५६ चा होऊन लागणारे पत्ते ३६८ होतात आणि /२४ पुरत नाही, दुप्पट मोठा /२३ घ्यावा लागतो. इथे ४१.०/२३ लिहून पाहा. नेटवर्कच्या ओळीत ४०.० येतं, कारण /२३ ची सुरुवात पत्त्याच्या तिसऱ्या भागातल्या सम आकड्यावरच होते.

नवशिक्याला दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे बायनरीची ओळ. ४०.२००/२७ दिलं की शेवटचा भाग ११० ०१००० असा फटीसह छापला जातो. फटीच्या डावीकडे नेटवर्क, उजवीकडे उपकरण. उजवीकडचे सगळे शून्य केले की १९२, सगळे एक केले की २२३. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, चुकला तर काय होतं तेही यावरून कळतं. कॅमेऱ्याचा पत्ता ४०.१५० केला, पण मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहिला. एनव्हीआरवर चित्र व्यवस्थित येतं, कारण दोघं एकाच तुकड्यात आहेत. ऑफिसच्या ४०.२०० वरून मात्र कॅमेरा उघडत नाही. मागणी राउटरमार्फत कॅमेऱ्यापर्यंत पोचते, पण कॅमेऱ्याला २०० हा शेजारीच वाटतो. तो राउटरकडे उत्तर न देता एआरपीने (शेजारच्या उपकरणाला शोधायच्या पद्धतीने) थेट हाका मारत बसतो, आणि राउटरवर प्रॉक्सी एआरपी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने ओ द्यायची सोय, नसेल तर ओ द्यायला कोणी नसतं. इथे मास्क २५५.२५५.२५५.१९२ हवा.

फायरवॉलचे नियम लिहिताना -आर (-r) हा पत्त्यांच्या पट्ट्याचे तुकडे पाडणारा पर्याय उपयोगी. ४०.१० ते ४०.२० दिलं की १०/३१, १२/३०, १६/३० आणि २०/३२ असे नेमके तुकडे मिळतात.

उणिवाही आहेत. आखणी साठवून ठेवायची सोय नाही, व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कची) नावं देता येत नाहीत. उत्तरात अजून 'क्लास सी' वगैरे पत्त्यांची जुनी वर्गवारी छापतो. सायडर, म्हणजे /२४, /२७ अशी हवी तिथे सीमा आखायची पद्धत, १९९३ मध्ये आल्यापासून आखणीत त्याला अर्थ उरलेला नाही, तिकडे दुर्लक्ष करा. आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांसाठी सिपकॅल्क हा प्रोग्राम वेगळा बसवलेला बरा.

आणि फेडोरा या लिनक्सवर याच नावाचा वेगळाच प्रोग्राम मिळतो. त्याचं विभाजन उपकरणांच्या संख्येवर नाही तर प्रीफिक्सवर (/ नंतरच्या आकड्यावर) चालतं आणि सगळे तुकडे सारखे पाडतं. वरची कमांड तिथे जशीच्या तशी चालवू नका.