गणितमाळ घेतली दुसरीतल्या पोरीसाठी, महिन्याभराचा अनुभव

शाळेत बाई रोज गणिताच्या तासाला सुरुवातीला हीच माळ घेतात म्हणून घरी पण मागवली. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून, बस एवढंच. पण खरं सांगते, जबरदस्त वस्तू आहे!! आमची पोरगी त्रेपन्न ऐकलं की आधी 3 लिहायची मग 5, म्हणजे झाले 35, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो ना. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात पन्नास तीन असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण मुलांची अडचण खरी आहे हे आता डोळ्यांनी बघितलं. माळेवर ती पाच पट्टे एकदम सरकवते, मग तीन मणी सुटे, तिथे कपड्याचा चिमटा लावते आणि म्हणते त्रेपन्न. 38 आणि 7 ला पण बोटं मोजत नाही, दोन मणी घेऊन चाळीस गाठते मग पाच पुढे.

दोरा मात्र अगदीच हलका, तीन आठवड्यात तुटला, मणी अख्ख्या घरभर, शेवटी नायलॉनच्या दोरीत मीच परत ओवली. पाढे घोकायला लावायच्या आधी ही घ्या.