घरच्या लॅबसाठी सेकंडहँड थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी

पॉलिटेक्निकला नेटवर्किंग शिकवते, त्यामुळे दर टर्मला कोणीतरी विचारतंच, "मॅडम, घरी जुना टॉवर पीसी पडलाय, त्यावर सर्व्हर करू का?" दोन दिवस शिकण्यापुरता कर. पण चोवीस तास चालू ठेवायचा असेल तर लेनोवोचा जुना टायनी, म्हणजे अगदी छोट्या आकाराचा पीसी, बघ. रिकामा बसलेला टॉवर ६० वॅट ओढत असेल, तर महिन्याला ४३ युनिटं होतात. आमच्यासारख्या घरात १०० युनिटांची स्लॅब ओलांडायला तेवढं पुरतं. माझा टायनी मीटरवर १० ते १२ वॅट दाखवतो, म्हणजे महिन्याची सात ते नऊ युनिटं.

माझं मॉडेल, एम७२०क्यू, २०१८चं. कंपन्यांचं लीज संपलं की असला माल बाजारात येतो. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला: इंटेलचा आय५-८४००टी प्रोसेसर, सहा कोअर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क). पैसे देण्याआधी दुकानातच चालू करून एफ१ दाबा आणि बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) उघडतंय का ते पाहा. आधीच्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड राहिला असेल तर मशीन तिथेच ठेवून या. तो काढणं डोकेदुखी असते. अॅडॅप्टरही हातात घेऊन बघा. मला आधी डुप्लिकेट दिला होता, जरा लोड आला की तापायचा. भांडून ६५ वॅटचा ओरिजिनल घेतला.

उघडायला एकदम सोपा. मागचा एक स्क्रू काढला की वरचं झाकण सरकतं. रॅम आणि एनव्हीएमई खालच्या बाजूला. मी १६-१६च्या दोन पट्ट्या टाकल्या, आणि प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्यानंतर पंख्याचा आवाज खोलीत जाणवत नाही.

वर प्रॉक्समॉक्स आहे, एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारी सिस्टीम. त्यावर जाहिराती अडवायला पाय-होल, घरच्या फोटोंसाठी इमिच, सिनेमांना जेलीफिन. इमिचने पहिल्यांदा चेहरे ओळखायला घेतले तेव्हा पंखा रात्रभर ओरडत होता, नंतर शांत. जेलीफिनला इंटेलच्या क्विकसिंकचा (व्हिडिओ बदलून देण्यासाठी चिपमध्येच असलेली सोय) फार आधार आहे. फाइल फोनसाठी बदलून देताना प्रोसेसरवर ताण येत नाही. पण माझा जीव अडकलाय तो लॅबच्या भागात. ओपीएनसेन्स या फायरवॉलचं एक व्हर्च्युअल मशीन, मागे डेबियन लिनक्सची दोन, मध्ये व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग. मुलांना म्हणते, फायरवॉलचे नियम हवे तसे बिघडवा. स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, परत गेलं की मिनिटभरात सगळं जागेवर. कॉलेजच्या लॅबमध्ये ही मोकळीक मी त्यांना देऊ शकत नाही. प्रोसेसर कधी कमी पडला नाही. रॅम मात्र आधी संपते, पैसे तिथे घाला.

लाइट जाणाऱ्या गावात असाल तर बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन'वर ठेवा. लाइट आली की मशीन आपणहून उठतं. तरी छोटा यूपीएस हवाच, डिस्क सांभाळायची असेल तर.

आता उणिवा. लॅन पोर्ट एकच. पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावायला वेगळा रायझर (कार्ड बसवायचा जोडतुकडा) घ्यावा लागतो, आणि तो लावला की अडीच इंची डिस्कची जागा जाते; दोन्हींपैकी एकच मिळतं. साडेतीन इंची डिस्क बसतच नाही, म्हणून माझा बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जातो. व्हीप्रो (मशीन दुरून सांभाळायची इंटेलची सोय) नाही, ते पाहिजे असेल तर एम९२०क्यू शोधा.

बजेट कमी असेल तर सातव्या पिढीचा एम७१०क्यू बघा. विंडोज ११ त्या प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून ऑफिसं ती मशीनं काढून टाकतायत. लिनक्सला त्याने काही फरक पडत नाही. कोअर सहाऐवजी चार मिळतील. पाय-होल आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीनांना तेवढे पुरतात. चार-सहा डिस्कचं मोठं स्टोरेज करायचं असेल तर मात्र टायनी घेऊच नका, तिथे तुमचा टॉवरच बरा.